मदत हवी आहे: जॉर्ज हॅरिसनच्या एकल अल्बमच्या कुठल्या आवृत्त्या घ्याव्यात?

जॉर्ज हॅरिसनचे बीटल्सबाहेरचे अल्बम एलपीवर जमवायचे आहेत. सुरुवात 'ऑल थिंग्ज मस्ट पास'पासून करतोय, पण एवढ्या एका अल्बमच्याच २००१, २०१७ आणि २०२१च्या आवृत्त्या बाजारात दिसतात, शिवाय २०१४ची सीडी. किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. सगळ्या घेणं परवडणार नाही, आणि एकच गोष्ट दोनदा विकत घ्यायची नाही. ऐकण्यात खरा फरक पडतो तो कशामुळे? त्याच्याच १९६८च्या 'वंडरवॉल म्युझिक' अल्बममधलं मुंबईचं ध्वनिमुद्रण नव्या आवृत्तीत सुधारलंय का? आणि परदेशातून मागवताना काय सांभाळायचं? सुई ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई आहे.

प्रतिसाद १

वर्ष बघण्याआधी एकच गोष्ट तपासा: रीमास्टर की रीमिक्स? रीमास्टरमध्ये १९७०चं तयार स्टीरिओ मिश्रण तसंच राहतं, फक्त त्याचा एकूण पोत आणि पातळी बदलते. रीमिक्समध्ये मल्टिट्रॅक टेपवर (जिच्यात आवाज आणि वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात) परत जाऊन गाणं, गिटार, ढोल यांचं प्रमाण नव्याने ठरवतात. २००१, २०१४ आणि २०१७ या तिन्हींत जुनं मिश्रण आहे. ऑगस्ट २०२१ची आवृत्ती रीमिक्स आहे. ध्वनिअभियंता पॉल हिक्स यांनी जॉर्जचा मुलगा धनी हॅरिसनच्या देखरेखीखाली केलेलं. म्हणजे फक्त २०२१ घेतलीत, तर १९७०मध्ये लोकांनी ऐकलेला अल्बम तुमच्याकडे नसेल.

फरक 'वा-वा' या गाण्यावर लगेच कळतो. निर्माता फिल स्पेक्टरच्या मूळ मिश्रणात सगळी वाद्यं एकमेकांत मिसळून एक भिंत होते आणि आवाज तिच्या आत दबतो. २०२१मध्ये आवाज पुढे येतो, बास आणि ढोल वेगळे ऐकू येतात. तरी प्रतिध्वनी पूर्ण गेलेला नाही, कारण त्यातला काही ध्वनिमुद्रणाच्या वेळीच टेपवर उतरलाय. हॅरिसनने स्वतः २००१च्या पुस्तिकेत लिहिलं होतं की काही गाणी त्या अवाढव्य निर्मितीतून सोडवावीशी वाटतात. त्यामुळे रीमिक्सला निव्वळ धंदा म्हणणं मला पटत नाही. पण त्याने जुन्याची जागाही भरत नाही.

माझं मत: २०१७ची ३ एलपींची प्रत आधी घ्या. पैसे उरले तर २०२१ची साधी ३ एलपींची. मोठा पेटारा (बॉक्स सेट) आत्ता नको.

ओळखायची खूण: मुखपृष्ठावर बागेतल्या बुटक्यांचा फोटो रंगीत असेल तर ती २००१ची. तिच्यात तिसऱ्या तबकडीवरच्या, म्हणजे 'ॲपल जॅम'च्या, तुकड्यांचा क्रमही बदललाय: मूळ अल्बममध्ये पहिला असलेला 'आउट ऑफ द ब्लू' तिथे शेवटी येतो.

प्रतिसाद २

जास्तीच्या गाण्यांबद्दल थोडं. २००१मध्ये ५ आहेत, त्यांतलं 'आय लिव्ह फॉर यू' खरोखर हवंच असं. २०२१चा ८ एलपींचा किंवा ५ सीडींचा पेटारा मुख्यतः मे १९७०च्या डेमोंसाठी, म्हणजे गाण्यांच्या कच्च्या ध्वनिमुद्रणांसाठी, घ्यायचा. २६ मेला बीटल्सचा ढोलवादक रिंगो आणि बासवादक क्लाउस व्होरमन सोबत होते, २७ला हॅरिसनने एकट्याने स्पेक्टरला गाणी ऐकवली. मला दुसरा दिवस जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे गाण्यांचा नुसता सांगाडा ऐकू येतो. तो आधी स्ट्रीमिंगवर पूर्ण ऐका. दोन-तीनदा परत लावावासा वाटला तरच पेटाऱ्यावर खर्च करा.

१९७६पासूनच्या अल्बमकडे वळाल तेव्हा २००४च्या सीडी आवृत्त्या पाहा. एक गफलत नेहमी होते: 'समव्हेअर इन इंग्लंड' अल्बममधून रेकॉर्ड कंपनीने काढायला लावलेलं 'टिअर्स ऑफ द वर्ल्ड' हे गाणं त्या अल्बमच्या सीडीवर शोधतात. ते 'थर्टी थ्री अँड अ थर्ड'च्या २००४च्या सीडीवर आहे.

'वंडरवॉल म्युझिक'चं मुंबईचं काम जानेवारी १९६८मध्ये एचएमव्हीच्या स्टुडिओत दोन ट्रॅकच्या यंत्रावर झालं. शिवकुमार शर्मांचं संतूर, आशिष खानांचं सरोद दोनच ट्रॅकवर एकत्र आल्यावर नंतर प्रमाण बदलायला फारशी जागा उरत नाही. म्हणून तिथे रीमिक्सच्या अपेक्षेने थांबू नका, २०१४चं रीमास्टर घ्या. सीडी घेतलीत तर बीटल्सच्या 'द इनर लाइट' गाण्याचा गायनाविना वेगळा टेकही मिळतो. त्या गाण्याची वाद्यसाथ याच मुंबईच्या सत्रांतली आहे.

धागाकर्ता

धन्यवाद, रीमिक्सचा मुद्दा आता स्पष्ट झाला. २०१७ची मागवतो. पाठवणीचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद ३

विक्रेत्याला लिहून कळवा की तबकड्या कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पिशवीसकट मागे ठेवून पाठवा. आत ठेवून पाठवल्या की धक्क्याने कड आतून घासते आणि कव्हरची शिवण फाटते. तीन तबकड्यांच्या जड खोक्यात हे हमखास होतं. मात्र यासाठी सील फोडावं लागतं. सीलबंदच हवी असेल तर हा धोका पत्करा.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. मग तबकडी फिरवून बाजूने पाहा, सुई वर-खाली होतेय का, म्हणजे तबकडी वाकलेली आहे का. 'इझन्ट इट अ पिटी'मधला पियानो लक्ष देऊन ऐका: लांबलेला सूर दर १.८ सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला, डुलत असेल तर भोक मध्यावर नाही. अशी प्रत परत करा, घरी दुरुस्त होत नाही. बारीक चटचट असेल तर आधी धुऊन पाहा, बरेचदा नव्या कागदी पिशवीचे तंतूच असतात. धुतल्यावरही एकाच जागी 'फर्र' राहिली तर दाबताना तिथे व्हिनाइल नीट भरलेलं नाही. व्हीएम९५ईला दाब २ ग्रॅम ठेवा. १.८च्या खाली गेलात तर जोरकस भागांत सुई खोबणीत नीट टिकत नाही आणि दोष तबकडीचा वाटतो.

बाहेरचं आवरण पीव्हीसीचं नको, पॉलिथिनचं घ्या. आपल्याकडच्या उकाड्यात पीव्हीसीमुळे तबकडीवर धुरकट डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि तबकड्या उभ्याच ठेवा.