उत्तर: डीबीसी की सुटी टेबलं?
प्रश्न असा: व्हिज्युअल फॉक्सप्रो या डेटाबेस-प्रोग्रामिंगच्या साधनात टेबलं डीबीसीत (डेटाबेस कंटेनर, टेबलांची नोंद आणि नियम ठेवणारी फाइल) ठेवावीत की सुटी? चर्चेत आलेलं ‘ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकत्रच पक्के किंवा रद्द करणं) हवं तर डीबीसीला पर्याय नाही’ हे व्हिज्युअल फॉक्सप्रो ८ पर्यंत खरं होतं. ९ मध्ये मेकट्रान्झॅक्टेबल() हे फंक्शन आल्यापासून सुट्या टेबलांवरही रोलबॅक (बदल मागे घेणं) चालतो. प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारी मुख्य की), ट्रिगर (नोंद बदलताच आपोआप चालणारा कोड), डीफॉल्ट व्हॅल्यू आणि १० अक्षरांहून लांब फील्डनावं यांसाठी मात्र डीबीसीच लागते. नुसती की युनिक ठेवायची तर सुट्या टेबलात कँडिडेट इंडेक्सवर (एकच किंमत दोनदा न स्वीकारणाऱ्या इंडेक्सवर) भागतं.

बॅकलिंकचा (टेबलातून डीबीसीकडे जाणाऱ्या दुव्याचा) विषय इथे कुणी काढला नाही, आणि खरा त्रास तिथेच आहे. डीबीएफच्या (टेबलाच्या फाइलच्या) हेडरमध्ये शेवटी २६३ बाइट्स डीबीसीच्या सापेक्ष पाथसाठी राखीव असतात (सुट्या टेबलात ते रिकामे). क्लायंटनं नुसती डीबीएफ दुसऱ्या फोल्डरला कॉपी केली की ती डीबीसी शोधत बसते. डीबीसी गेलीच असेल तर फ्री टेबल कमांडनं लिंक तुटते, पण लांब नावं १० अक्षरांवर छाटली जातात आणि जुन्या क्वेऱ्या ‘व्हेरिएबल सापडत नाही’ म्हणून पडतात. डीबीसी शाबूत असताना ही कमांड चुकूनही देऊ नका, तेव्हा रिमूव्ह टेबलच. बॅकअपमध्ये डीबीसीसोबत डीसीटी (तिची मेमो फाइल) आणि डीसीएक्स (तिची इंडेक्स फाइल) याही घ्या. डीसीटी हमखास राहून जाते.