शिक्षणाची अट उठवली, तिथेच टीव्ही असाहीचं नुकसान झालं का?

सदाफुली

डोरेमॉन आणि शिनचॅन ही दोन्ही पोरं टोकियोच्या ज्या टीव्ही असाही वाहिनीची, ती मुळात शिकवण्यासाठी काढलेली वाहिनी होती. जपानी शिकायला लागल्यावर मला हे कळलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

१९५७ साली तानाका काकुएई टपाल खात्याचे मंत्री होते (पुढे पंतप्रधान झाले तेच). त्या ऑक्टोबरात त्यांनी एका झटक्यात ३४ खासगी कंपन्यांना टीव्हीचे प्राथमिक परवाने दिले. टोकियोतली चॅनेलची एक जागा खास शिक्षणासाठी राखून ठेवलेली होती. ती मिळाली एका नव्या कंपनीला, आणि तिच्यामागे होते तिघे: तोएई ही चित्रपट कंपनी, परीक्षांची पुस्तकं काढणारं ओबुन्शा प्रकाशन आणि निक्केई हे अर्थकारणाचं दैनिक. नाव निहोन एज्युकेशनल टेलिव्हिजन, थोडक्यात एनईटी. १ फेब्रुवारी १९५९ ला प्रक्षेपण सुरू झालं. अट अशी की किमान ५३ टक्के कार्यक्रम शैक्षणिक हवेत आणि वर किमान ३० टक्के सांस्कृतिक, ज्ञानवर्धक. पैसा मात्र जाहिरातींतूनच उभा करायचा.

नोव्हेंबर १९७३ मध्ये ही अट गेली आणि एनईटी चारचौघींसारखी सर्वसाधारण वाहिनी झाली. १९७७ पासून नावातलं 'एज्युकेशनल'ही गेलं आणि ती टीव्ही असाही झाली.

माझं म्हणणं असं की अट सैल करायला हवी होती, उठवायला नको होती. ५३ टक्के जाचक होते, कबूल. पण १५-२० टक्के ठेवले असते तर मुलांच्या वाट्याची वेळ कुणाला हलवता आली नसती. आता बघा, डोरेमॉन १९८१ पासून शुक्रवारी संध्याकाळी सातला लागायचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो उचलून शनिवारी संध्याकाळी पाचला टाकला आणि शिनचॅनला त्याच्या आधी साडेचारला. घरटी चार माणसं एकत्र जेवायला बसतात ती वेळ मोठ्यांना देऊन टाकली. मला हे फार लागलं.

हिशेबनीस

ताई, तळमळ पोचली. पण अट कागदावरच होती, हे आधी मान्य करा. गणिताच्या तासाला प्रायोजक कुठून आणायचा? साबणवाला येईल, शिकवणीवाला येईल, आणि पुढे?

त्यात एनईटीच्या आधी तीनच आठवडे, १० जानेवारी १९५९ ला, एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेची शैक्षणिक वाहिनी सुरू झाली होती. तिला घरोघरच्या शुल्काचा पैसा, जाहिरातदाराची मनधरणी नाही. तेच काम जाहिरातीच्या जोरावर दुसऱ्याने करायचं म्हणजे पाय बांधून पळायला लावणं. मग एनईटी तगली कशावर? अमेरिकन काउबॉयपटांवर! रॉहाइड, लॅरामी. लॅरामी तर तुफान चालली. घोड्यावरून गोळ्या झाडणाऱ्या माणसांनी शिक्षणाची वाहिनी पोसली. असा नियम राखून कुणाचं भलं होणार होतं? खोटा नियम नसलेलाच बरा.

सदाफुली

@हिशेबनीस, लॅरामीचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. मालिकेला जोडून योदोगावा नागाहारू नावाचे सिनेसमीक्षक पडद्यावर यायचे आणि अमेरिकेच्या त्या पश्चिम भागाबद्दल चार गोष्टी सांगायचे. लोकांना ते इतके आवडले की १९६६ पासून वाहिनीने परदेशी चित्रपटांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला, त्यात त्यांनाच घेतलं आणि १९९८ साली वारले तोवर ते तो करत राहिले. ३२ वर्षं! चित्रपट संपला की हात हलवत "सायोनारा, सायोनारा, सायोनारा". दिग्दर्शक कोण, कॅमेरा कुठे ठेवलाय, ही नटी आधी कशात होती, हे सगळं घरबसल्या. अख्ख्या पिढीला सिनेमा बघायला शिकवलं त्या माणसाने.

नुसता काउबॉय दाखवून भागलं असतं, तर बाजूला समजावून सांगणारा माणूस कशाला उभा केला? अट डोक्यावर होती म्हणून, असं मी धरते. तुम्ही ज्याला खोटेपणा म्हणता, त्याच्या पोटातून खरं शिक्षण बाहेर आलं.

निशिकासाईकर

टोकियोत चौदा वर्षं झाली. डोरेमॉनबद्दल बोलते, कारण ते आमच्या घरात घडलंय.

वेळ बदलली तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. शुक्रवारी सातला मी स्टेशनवरून चालत घरी येत असायची, अहोही ऑफिसात. म्हणजे ज्या 'एकत्र जेवणा'च्या वेळेबद्दल तुम्ही हळहळताय, ती इथल्या नोकरी करणाऱ्या आयांच्या घरात कधीच उरली नव्हती. शनिवारी पाचला आम्ही चौघं घरात असतो. मी कणीक मळत असते, लेक समोर पाय पसरून बसलेली. सुरुवातीला तो ठरलेला आवाज येतो, 'हा कार्यक्रम पडद्यावर दिसणाऱ्या प्रायोजकांच्या सौजन्याने', आणि खाली कंपन्यांची नावं सरकतात. ती नावं वाचत वाचत लेक काताकाना ही जपानी लिपी शिकली. हेही शिक्षणच की.

तेव्हा कुणी मुलांची वेळ हिसकावली असं मला तरी वाटलं नाही.

हिशेबनीस

निशिकासाईकर, धन्यवाद. डोरेमॉनचं आणखी एक: तो आधी, १९७३ मध्ये, निप्पॉन टीव्ही या दुसऱ्या वाहिनीवर आला होता. एप्रिल ते सप्टेंबर, सहा महिन्यांत गाशा गुंडाळला. १९७९ च्या एप्रिलपासून टीव्ही असाहीने त्याला नव्याने उभा केला. म्हणजे अट उठल्यानंतर, सर्वसाधारण वाहिनी झाल्यानंतर! मुलांसाठी त्या वाहिनीने केलेलं सगळ्यात मोठं काम हे मोकळीक मिळाल्यावरचं आहे.

आणि 'तेत्सुकोची खोली'? 'तोत्तोचान' आपल्याकडे मराठीत घरोघरी आहे, ती लिहिणाऱ्या तेत्सुको कुरोयानागी २ फेब्रुवारी १९७६ पासून या वाहिनीवर दुपारी पाहुण्याशी गप्पा मारतायत. २०१५ मध्ये १०,००० भाग झाले. त्यांची एक अट, चित्रीकरणाला कात्री लावायची नाही. पाहुणा अडखळला तर अडखळलेलाच दिसेल. हे कुठल्या टक्केवारीने दिलं असतं?

तारयंत्र

दोघंही परवान्यावर भांडताय. मला विचाराल तर जपानी वाहिनीचं खरं नशीब परवान्यात नसतं, जाळ्यात असतं.

तिथे टोकियोची एक कंपनी देशभर दाखवते असं नसतं. परवाना प्रदेशापुरता, प्रत्येक प्रांताची कंपनी वेगळी, मालक वेगळे. टोकियोवाले मुख्य स्थानक, बाकीचे त्यांचे कार्यक्रम घेतात आणि बातम्या एकमेकांना पुरवतात. टीव्ही असाहीचं एएनएन हे बातम्यांचं जाळं १ जानेवारी १९७४ ला उभं राहिलं.

आता ओसाकाची गोष्ट ऐका. तिथलं असाही ब्रॉडकास्टिंग हे असाही वृत्तपत्राच्या गोतावळ्यातलं, म्हणजे एनईटीचं असायला हवं, पण जोडलेलं होतं टीबीएस या टोकियोच्या दुसऱ्या खासगी वाहिनीला. आणि मायनिची वृत्तपत्रामुळे टीबीएसशी ज्याचं सूत जुळायला हवं ते मायनिची ब्रॉडकास्टिंग जोडलेलं होतं एनईटीला! जपानी लोक याला 'आतड्याला पडलेला पीळ' म्हणायचे. ३१ मार्च १९७५ ला हा पीळ सोडवला, दोघांनी जागा बदलल्या.

पण एनईटीवर गाजत असलेली 'कामेन रायडर' ही मुखवटाधारी वीराची मालिका बनवून देणारं होतं ओसाकाचं मायनिची. ते गेलं तसा रायडरही टीबीएसकडे गेला. एनईटीच्या हातातली हुकमाची मालिका गेली. मग तोएईला सांगितलं, नवं काहीतरी द्या. तोएईने पाच रंगांचे पाच वीर दिले, 'गोरेंजर', ५ एप्रिल १९७५. रायडर गेल्यावर पाचव्या दिवशी! त्याच परंपरेतल्या पुढच्या एका मालिकेची दृश्यं घेऊन अमेरिकेत १९९३ मध्ये पॉवर रेंजर्स झाली. आपल्या गल्लीत पोरं 'मी लाल, तू निळा' करत होती, त्याचं मूळ ओसाकातल्या दोन कंपन्यांच्या अदलाबदलीत आहे.

शिक्षण, बाजार या शब्दांनी हे उलगडत नाही. कुणाशी कोण जोडलंय, ते बघावं लागतं.

सदाफुली

@तारयंत्र, ही गोष्ट मला माहीत नव्हती, मजा आली वाचताना. पण ती माझ्या बाजूची आहे. रायडर गेला तेव्हा दीड वर्षापूर्वीच अट उठलेली होती. जाळं ओढेल तिकडे जायचं, हीच वाहिनीची चाल झाली. नशीब की त्यातून चांगलं निघालं.

दर वेळी निघत नाही. मॉस्को ऑलिम्पिक घ्या. टीव्ही असाहीने १९८० च्या स्पर्धांचे जपानसाठीचे हक्क एकटीने घेतले, एनएचकेसकट सगळ्यांना बाजूला सारून. मे १९८० मध्ये जपानने बहिष्कार टाकला. आपले खेळाडूच नाहीत तर बघणार कोण? मोठी कमाई करू म्हणून घेतलेलं ते गळ्यात पडलं. पुढच्या ऑलिम्पिकपासून एनएचके आणि खासगी वाहिन्या एकत्र येऊन हक्क घेऊ लागल्या, म्हणजे शहाणपण सगळ्यांना आलं. पण हव्यास कुठून आला होता?

आणि हिशेबनीस, तेत्सुकोंबद्दल. १९६४ मध्ये, अट असताना, याच वाहिनीने किजिमा नोरिओ यांना घेऊन जपानमधला पहिला सकाळचा गप्पा-माहितीचा कार्यक्रम काढला. दिवसाढवळ्या घरातल्या बाईला बोलण्याजोगं काही द्यायची वाट तिथे पडली. तेत्सुकोंची खोली त्याच वाटेवर आहे.

हिशेबनीस

वाट पडली हे मान्य. अट मोडून तिच्यावर वर्दळ वाढली, हे तुम्ही मान्य करा.

७ ऑक्टोबर १९८५ ला कुमे हिरोशींचं 'न्यूज स्टेशन' रात्री दहाला सुरू झालं. ध्येय काय, तर माध्यमिक शाळेतल्या मुलाला कळेल अशी बातमी. हाताने केलेल्या प्रतिकृती टेबलावर मांडून समजावायचे. सुरुवातीला चाललं नाही, मग १९८६ च्या आरंभी चॅलेंजर यानाचा स्फोट आणि फिलिपिन्समधला उठाव झाला, आणि लोक वळले ते २००४ पर्यंत. रात्री दहाला, खासगी वाहिनीवर, जाहिरातींच्या पैशावर! ५३ टक्क्यांच्या काळात असं एक तरी दाखवा.

सदाफुली

त्याच न्यूज स्टेशनने १ फेब्रुवारी १९९९ ला, वाहिनीला बरोबर ४० वर्षं झाली त्या दिवशी, टोकियोजवळच्या तोकोरोझावाच्या भाज्यांत डायॉक्सिन हे विषारी रसायन सापडल्याची बातमी दिली. तिथल्या पालकाचे भाव कोसळले. नंतर कळलं, सगळ्यात मोठा आकडा भाजीचा नव्हताच, चहाच्या पानांचा होता. शेतकरी कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्यांच्या विरोधातला निकाल रद्द केला आणि २००४ मध्ये वाहिनीने माफी मागून १ कोटी येन देऊन तडजोड केली.

सोपं करून सांगायच्या नादात चहाची पानं भाजीत जमा झाली. माझे आजोळचे लोक भाजीच करतात. एका चुकीच्या तक्त्याने उभं पीक मातीमोल होणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

तारयंत्र

इथे मालकीचाही मुद्दा घ्या. जून १९९६ मध्ये सॉफ्टबँक या जपानी कंपनीचे सोन मासायोशी आणि रूपर्ट मरडॉक (आपल्याकडे स्टार टीव्ही घेणारे तेच) यांनी मिळून ओबुन्शाकडचे २१.४ टक्के समभाग घेतले. परीक्षांची पुस्तकं काढणाऱ्याच्या हातून थेट मरडॉकच्या हातात! असाही वृत्तपत्राने १९९७ मध्ये ते त्यांच्याकडून विकत घेतले नसते तर आज ही चर्चा वेगळ्याच वाहिनीबद्दल झाली असती. कार्यक्रमांची टक्केवारी कायद्यात लिहिता येते, मालकाची नियत लिहिता येत नाही.

हिशेबनीस

@सदाफुली, शेतकऱ्यांचं पटलं, शंभर टक्के. पण त्यांना न्याय कोर्टाने दिला. टक्केवारीने दिला नसता. भाज्यांवरचा तो कार्यक्रम तुमच्या ५३ टक्क्यांत 'शैक्षणिक' म्हणूनच मोजला गेला असता!

निशिकासाईकर

गेल्या महिन्यात सासूबाई आल्या होत्या. जपानी येत नाही, तरी दुपारी 'तेत्सुकोची खोली' लावून बसायच्या. कोण पाहुणा, काय बोलतोय, काही कळायचं नाही. एक दिवस पाहुण्या बाई मध्येच थांबल्या, डोळे भरले. बराच वेळ कुणीच बोललं नाही, कॅमेराही हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "हिचं माणूस गेलेलं दिसतंय गं." मी खालची अक्षरं वाचली. खरंच, नवरा गेला होता.

रोपोंगीला वाहिनीच्या इमारतीत तळमजल्यावर डोरेमॉन उभा आहे, आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे लेकीबरोबर फोटो काढला त्यांनी. सदाफुली, आलात तर कळवा, मी घेऊन जाईन. भांडण तिथेच पुढे चालवू.