भट्टीजवळची चिलटं मोजून काय कळणार?

फुलपाखरं सोडून पिकल्या फळांवरच्या चिलटांवरून (ड्रोसोफिला) रानाची तब्येत कशी कळणार, असं कुणीतरी विचारलंय. 25 अंशांना जेमतेम 10 दिवसांत त्यांची नवी पिढी उडते, म्हणून बदल चटकन दिसतो. ड्रोसोफिला सबऑब्स्क्युरा या चिलटाच्या जातीची तर गुणसूत्ररचनाच तापमानाबरोबर सरकलीय. पण गोव्यात हंगाम सांभाळा! मार्च-एप्रिलात काजूची दारू गाळायच्या भट्टीजवळ बोंडूंच्या (काजूच्या फळांच्या) वासानं एवढी घोंगावतात की आकड्याला अर्थच उरत नाही.

कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) आणि मोलेच्या अभयारण्यातल्या रानात पिकल्या केळ्याच्या सापळा-बाटल्या एकाच आठवड्यात लावा (मोलेत वनखात्याची परवानगी आधी), आणि संख्येपेक्षा जाती बघा. डोक्यापासून पाठीवर रुपेरी पट्टे असलेली झाप्रिओनस ही चिलटाची जात भिंगातून लगेच ओळखू येते. रान मोडलेल्या जागी ती सहसा जास्त. आंब्याच्या फळमाशीचा मिथिल युजेनॉलवाला (वासानं माशी ओढणारा) सापळा इथे नको, त्यात त्या फळमाशीचे नरच येतात.