बीकॉमच्या प्रोजेक्टमध्ये एआय, शून्य देता येतं का?

खडूवाला:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे. टीवायला (तिसऱ्या वर्षाला) बचत गटांवर प्रोजेक्ट दिला होता, गटातल्या बायकांशी बोला, प्रश्नावली भरून आणा, एवढं साधं. आले ते सगळे चकाचक, प्रस्तावना जवळपास सेम, आणि 'महिला सक्षमीकरणाचा बहुआयामी प्रवास' असलं मराठी तर आमचे प्राचार्यपण भाषणात वापरत नाहीत. एआय ओळखणाऱ्या एका फुकटच्या डिटेक्टरवर काही इंग्रजी प्रोजेक्ट टाकले तर वेगळाच घोळ, जी मुलगी माझ्यासमोर लायब्ररीत बसून लिहीत होती (मराठी मिडीयम, छोटी छोटी वाक्यं) तिचं जवळपास पूर्ण एआय दाखवलं, आणि जो वर्षभर वर्गात फिरकला नाही तो एकदम क्लीन. एचओडी म्हणतात प्रिंटआउट जोडा, शून्य द्या, यूजीसीचा नियमच आहे. खरंच आहे का?

पुस्तकी_किडा:
लायब्ररीत काम करतो म्हणून सांगतो. यूजीसीचा वाङ्मयचौर्याचा नियम २०१८ चा आहे, पण तो प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांच्यासाठी. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका यात धरायच्या नाहीत असं त्यातच स्पष्ट लिहिलंय. शिवाय तो दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य मोजतो, १० टक्क्यांपर्यंत माफ आणि पुढे शिक्षेच्या पायऱ्या. एआयचा मजकूर बहुतेक वेळा कुणाशीच जुळत नाही, मग पकडणार काय? आणि डिटेक्टरचं म्हणाल तर चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःच २०२३ मध्ये एक काढला होता, एआयने लिहिलेल्यातलं जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आलं, सहा महिन्यांत गुंडाळला. स्टॅनफर्डच्या लोकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी हाताने लिहिलेले, सात डिटेक्टरवर टाकले तर सरासरी निम्म्याहून जास्त एआय निघाले. तुमच्या त्या मुलीचं तेच झालंय. साधे शब्द, सरळ वाक्यं दिसली की मशीनला संशय. प्रिंटआउट अजिबात लावू नका.

लास्ट_बेंच:
सर राग मानू नका, मी स्टुडंट आहे. आमच्याकडे नोट्स एआयच्या, पीपीटी एआयची, एका प्रश्नपत्रिकेत तर खाली 'अजून प्रश्न हवे असल्यास सांगा' हे पण छापून आलं होतं 😂 आणि एआयच्या आधी तरी कोण गावात जात होतं? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रोजेक्ट मिळायचे, नाव बदला, स्पायरल मारा, सबमिट.

माजी_मास्तरीण:
लास्ट बेंच, बोललास ते खरंय. पण सर, तुम्ही एआयच्या मागे लागलात तिथेच अडकताय. कुणी लिहिलं हे सोडा, सर्व्हे झाला का ते बघा. माझ्याकडे एक प्रोजेक्ट आला होता, त्यात एका गटात ४५ सदस्य! अहो गट १० ते २० बायकांचा असतो, एकदा मीटिंगला जाऊन बसला असता तरी कळलं असतं. मग पुढचे टक्केवारीचे पाय चार्ट कुठून आले? खोटी आकडेवारी ही सरळ फसवणूक, मग ती एआयने बनवलेली असो नाहीतर चुलत भावाने, आणि ती सिद्ध करायला डिटेक्टर लागत नाही. भरलेल्या प्रश्नावल्या मागा. दर महिन्याला बचत किती, अंतर्गत कर्जाला व्याज काय लावतात, इतिवृत्त कोण लिहितं, एवढे तीन प्रश्न तोंडी विचारा. जो गेलाय तो भडाभडा बोलतो. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर वापरू दे, फक्त तसं लिहून दे म्हणावं.

खडूवाला:
मॅडम हे पटलं, एचओडींना उद्याच सांगतो. पण वर्ग मोठा आहे आणि व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे) तास आमच्या बिलात धरत नाहीत, ते वेगळंच दुखणं.

पुस्तकी_किडा:
सगळ्यांची घेऊ नका, चिठ्ठ्या टाका. कुणाचं नाव निघेल माहीत नसलं की निम्मे तरी गावात जाऊन येतात.

लास्ट_बेंच:
प्रश्नावल्या पण हॉस्टेलवर बसून एकाच पेनाने भरतात, सांगून ठेवतो.

माजी_मास्तरीण:
माहितीये रे, म्हणून गटाच्या अध्यक्षांचा नंबर घ्यायचा आणि फोन स्पीकरवर लावायचा, पोराच्या समोरच.