वीज कंपनीही सिमकार्डासारखी बदलता यावी का?

मुलुंडकर:
राहतो मुंबईत, पण वीज कोणाची घ्यायची हे आम्हाला ठरवता येत नाही. भांडुप-मुलुंड महावितरणकडे. तिकडे अंधेरीत एकाच मजल्यावर एका दारी टाटा पॉवरचं बिल, दुसऱ्या दारी अदानीचं. २००३ च्या वीज कायद्यानुसार एका भागात दोन वितरण परवाने देता येतात. २०२२ मध्ये अदानीने आमच्याकडे, ठाण्यात, नवी मुंबईत परवाना मागितला, तर जानेवारी २०२३ मध्ये महावितरणचे कर्मचारी संपावर. माझं मत सरळ आहे: परवाना द्या, ज्याला परवडेल तो बदलेल.

निवृत्त लाइनमन:
"ज्याला परवडेल तो बदलेल" इथेच ग्यानबाची मेख आहे. बदलणार कोण? कारखाने, मॉल, घरभर एसी लावणारे. कृषिपंपांचा आणि कमी वापराच्या घरांचा स्वस्त दर यांच्याच चढ्या बिलांवर उभा आहे. उपनगरात झालं ते बघा. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटाला किरकोळ ग्राहकांना वीज विकायची मुभा दिली. २००९ पासून रिलायन्सच्याच तारांवरून (तेव्हा अदानी यायचे होते) टाटाची वीज मिळू लागली. मग २०११ मध्ये बदललेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त दराची तूट भरून काढायला लावलेला जादा आकार) बसला. २०१२ मध्ये तर राज्याच्या वीज नियामक आयोगाने टाटाला सांगितलं, आता महिना ३०० युनिटपर्यंतचेच घरगुती ग्राहक घ्या. म्हणजे मोठी गिऱ्हाइकं वेचली जात होती हे नियामकालाच दिसलं!

मुलुंडकर:
पण शेतकऱ्याची सवलत माझ्या बिलातून का? कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे राज्य सरकारला दरात सवलत द्यायची असेल तर त्याचे पैसे आगाऊ भरावे लागतात. तिजोरीतून द्या की. क्रॉस सबसिडीच्या आडून मक्तेदारी कशाला जपायची?

निवृत्त लाइनमन:
तिजोरीतून वेळेवर आले तर मीच पेढे वाटीन. पण तारांचं काय? दोघांनी रस्ता दोनदा खणायचा, आणि आयोगाने मंजूर केलेला खर्च परताव्यासकट वहन आकारात (बिलातलं तारांचं भाडं) आपल्याच माथी. एकाच तारेवर दोघे आले, तर ती तार वाढवायची गरज कोणाला? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, तेव्हा उपनगरात दोन पुरवठादार होतेच. कमी पडली ती शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता. खारघर-विक्रोळी ४०० केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षं रखडली होती, ती २०२३ ला सुरू झाली. सिमकार्डाला खांब लागत नाहीत हो. टॉवर लागतात म्हणाल, पण ते तरी घरोघरी न्यावे लागत नाहीत.

भिवंडीवाला:
तुम्ही दोघं तिसरी वाट विसरताय. आमच्याकडे २००७ पासून टोरंट फ्रँचायझी आहे, म्हणजे महावितरणची वीज घेऊन तिच्याच वतीने पुरवठा आणि वसुली करणारी खासगी कंपनी. ग्राहकाला निवड शून्य, स्पर्धा झाली ती फक्त निविदेच्या वेळी. करार लांब मुदतीचा, त्यामुळे पैसा ओतला, मीटर बदलले, आकडे टाकणाऱ्यांच्या मागे लागले. गळती खूप उतरली. दादागिरीच्या तक्रारी आहेत, त्या खोट्या नाहीत.

मुलुंडकर:
आणि औरंगाबाद? नागपूर? दोन्हीकडे २०११ ला फ्रँचायझी आली. औरंगाबादची २०१४ ला गुंडाळली, नागपूरची २०१९ ला. दोन्ही शहरं परत महावितरणकडेच.

भिवंडीवाला:
मग निविदेच्या अटी तपासा. महावितरणला विजेचा जास्तीत जास्त दर देणाऱ्याला शहर दिलं आणि त्याच्याकडे तारांत घालायला पैसाच उरला नाही, तर दोष स्पर्धेचा की बोली लावून घेणाऱ्याचा?