लुणीची तब्येत बाटलीभर पाण्यावरून कळेल का?

कोरडवाहू :
जोधपूरच्या जोजरी नदीची सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, म्हणून हा धागा. जोजरी ही लुणीची उपनदी. लुणी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, मारवाड ओलांडते आणि कच्छच्या रणात जिरते. जोधपूर, पाली, बालोतरा इथल्या कापड रंगाईचं सांडपाणी वर्षानुवर्षं याच खोऱ्यात उतरतंय.

आपल्याकडे नदी तपासायची म्हणजे बाटली भरायची, प्रयोगशाळेत धाडायची. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की नदी प्रदूषित. कृष्णा-गोदावरीला हे चालून जातं. लुणीला पाणी येतं ते पावसात, एरवी नुसती वाळू. अशा मुलखात जोजरी मे महिन्यातही वाहते ती सांडपाण्यावर, हेच तिचं दुखणं! माझ्या मते तपासायच्या त्या काठच्या विहिरी, पात्रातली माती आणि काठावरची खेजडीची झाडं. पाण्याचा नमुना नंतर.

इचलकरंजीकर :
साफ असहमत. कारखानदार पेढे वाटतील तुमचं ऐकून. विहीर बिघडली हे दाखवाल, पण कुणामुळे? शे-दीडशे युनिटं एकमेकांकडे बोट दाखवतात. पुरावा सापडतो तो पाइपाच्या तोंडाशी, वाहत्या पाण्यात. माझी नोकरी प्रोसेस हाऊसमधली, घर पंचगंगेच्या गावात. आमच्याकडे २०१२ साली काविळीची साथ आली, तेव्हा पाणी तपासा म्हणूनच लोक ओरडत होते.

कोरडवाहू :
पाइप तपासा की, पण बीओडी पुढे करू नका. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ नाही खात. बीओडी उतरतो, विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात. तेच पाणी शेतात शिरलं की सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात. एक सर पडली की वर चिकट राड, ऊन पडलं की टणक पापडी. बाजरीचा कोंब ती फोडून वर येईल कसा? अहवालात मात्र नदी सुधारलेली!

खारंपाणी :
बालोतऱ्याच्या खाली लुणी मुळातच खारी आहे हो. पांढरी पापडी तिथे कारखाने यायच्या आधीपासूनची. नुसता खारटपणा मोजलात तर समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल. काठाची विहीर आणि तिथून चार-पाच किलोमीटर आतली विहीर, दोन्ही एकाच दिवशी तपासा. क्षारांबरोबर क्रोमियमसारखे धातूही बघा, ते निसर्गाच्या माथी मारणं अवघड.

किडामुंगी :
जिवांचं कुणी बोलतच नाही. ऑस्ट्रेलियात लेक एअरच्या खोऱ्यातल्या कूपर क्रीकसारख्या नद्या अशाच. पूर ओसरला की डोह उरतात आणि त्यातले मासे पाहून नदीची प्रकृती ठरवतात. पुराच्या वर्षी मासे अफाट, दुष्काळात मोजके, आणि दोन्ही वर्षी नदी ठणठणीत असू शकते. त्यामुळे एका साली केलेल्या पाहणीला काही अर्थ नाही, वर्षांमागून वर्षं नोंद हवी. ॲरिझोनाच्या सॅन पेद्रो नदीवर तर १९९९ पासून दर जूनमध्ये स्वयंसेवक काठाकाठाने फिरून पाणी कुठवर आहे ते नकाशावर मांडतात.

खारंपाणी :
त्यांना पाणी आटल्याची चिंता, इथे न आटल्याची. तरी नकाशाची कल्पना उचलण्यासारखी आहे. उन्हाळ्यात ओल कुठून सुरू होते ते शाळेतली पोरंसुद्धा टिपतील, आणि उलट चालत गेलं की बहुतेक वेळा नाला सापडतोच.

सरळमार्गी :
किती मोजाल? पाण्याचा रंग दिसतो, वास येतो, गुरं तोंड लावत नाहीत. तपासणीचे पैसे गावांना गोड पाण्याचे टँकर पुरवण्यात घाला. समित्या बसवून वेळ काढण्याचा धंदा आहे हा.

इचलकरंजीकर :
टँकर द्याच, दुमत नाही. पण न मोजता टाळं कुणाला लावणार? सगळ्यांना लावलंत तर पदरचे पैसे घालून नीट प्रक्रिया करणाराही भरडला जातो, आणि पुढच्या खेपेला तोही रात्री वॉल्व्ह उघडतो. दिवसा अकरा वाजता घेतलेल्या नमुन्यात हे कसं सापडणार? पाइपावर क्षारांचा मीटर बसवा, तासातासाचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर येऊ द्या.

कोरडवाहू :
आणि टँकरने चोरून ओतलेलं सांडपाणी? त्याला कुठला पाइप? म्हणून तर विहिरी म्हणतोय.