मदत हवी आहे: चौघांसाठी तंबू, शुक्रवारपर्यंत घ्यायचाय

सातबारा:
चार माणसांचा चांगला तंबू सुचवा. बजेट 12 हजार. ऑनलाइन बघावं तर सगळ्यांवरच 'वॉटरप्रूफ' लिहिलंय. भाड्याचा नको. थेट मॉडेल सांगा, 'आधी गरज ओळखा' छाप उत्तरं नकोत.

खुंटीवाला:
बरं, गरज राहू द्या. पण जाताय कुठे, कोणत्या महिन्यात? डिसेंबरात पवनेकाठी चालेल तो तंबू जूनमध्ये घाटमाथ्यावर चालेलच असं नाही.

सातबारा:
भंडारदरा, मे अखेर. काजवे.

कोरडवाहू:
डेकॅथलॉनच्या क्वेचुआ ब्रँडचा टू सेकंड्स तंबू घ्या. फेकला की उभा. विषय संपला.

खुंटीवाला:
मिटायला घेतला की विषय सुरू होतो. शिवाय मिटल्यावर त्याची मोठी गोल चकती होते, ती छोट्या डिकीत बसत नाही. गाडी कोणती? आणि चौघं म्हणजे कोण कोण?

सातबारा:
वॅगनआर, सीएनजी. आम्ही दोघं, मुलगी 9 वर्षांची, आई 68. आईचे गुडघे दुखतात, पण तिचा तंबूशी काय संबंध?

खुंटीवाला:
अहो, सगळा संबंध तिथेच आहे! साधा घुमटाकार तंबू मधोमध जेमतेम 130 सेंमी उंच असतो. आईंना रांगत आत-बाहेर करावं लागेल, तेही रात्री. तुम्हाला किमान 180 सेंमी उंचीचा, मोठ्या दाराचा तंबू हवा. दुसरं, 'चार माणसांचा' म्हणजे माणशी साधारण 60 सेंमी रुंदी. मोठ्या माणसाला 75 तरी लागते, वर पिशव्या. सहाचा घ्या. सीएनजीच्या टाकीने डिकी खाल्लेलीच आहे, तेव्हा लांबट पिशवीत मावणारा, दांड्यांचा घ्या. मागच्या सीटच्या पायाशी आडवा राहतो.

कोरडवाहू:
उंच तंबू वळवात झोपणार. मे अखेरचा वारा माहीत आहे ना?

खुंटीवाला:
माहीत आहे. म्हणून तर ताणदोऱ्या सगळ्या लावायच्या, 'आभाळ स्वच्छ आहे' म्हणून सोडायच्या नाहीत. अरुंद बाजू वाऱ्याकडे. सोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या तिथल्या मुरमात वाकतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून 10 मिमीच्या सळईचे 30 सेंमी तुकडे वरून आकडा वळवून घ्या, सोबत किलोभराची हातोडी. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं.

रानजाई:
पांढरे टॉर्च नेऊ नका, लाल जिलेटिन कागद लावा. गाडीचे दिवेही बंद. काजवे हिरडा, बेहडा, सादड्यावर जास्त दिसतात. झाडाखाली जाऊन फांद्या हलवू नका.

सातबारा:
धन्यवाद, पण तंबू?

पत्रावळ:
सहाचा असो की आठचा, दोन थरांचा आहे का बघा: आत जाळीचा, वर वेगळं छत, दोन्हींत हातभर नाही तरी चार बोटं अंतर. एकथरी स्वस्त तंबूत चार माणसांच्या श्वासाची वाफ छतावर जमून पहाटे टपकते आणि लोक म्हणतात तंबू गळतो. कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं तो आकडा मिमीत लिहिलेला असतो: छत 2000 मिमी, तळ 3000 मिमीच्या खाली नको, शिवणींवर आतून टेप हवा. खाली ताडपत्री अंथराल तर ती तळापेक्षा चारी बाजूंनी थोडी आत दुमडा. बाहेर राहिली की छतावरचं पाणी तीच गोळा करून पाठीखाली आणते.

कोरडवाहू:
इतक्या भानगडीपेक्षा गाडीला ताडपत्री बांधून खाली झोपा. 1200 रुपयांत काम.

पत्रावळ:
68 वर्षांच्या आईंना? मेच्या चिलटांत?

शेगडी:
पाऊस आला तरी शेगडी किंवा गॅस तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खुंटीवाला:
दांड्या फायबरग्लासच्या असतील तर कापडी नळीतून नेहमी ढकलायच्या. ओढल्या की सांधे सुटतात. आणि जागा: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, रानात कुठेही तंबू टाकता येत नाही. मुतखेल, उडदावणे बाजूला कोणाच्या शेतात विचारून टाका.

सातबारा:
म्हणजे सहाचा, दोन थर, 180 उंची, लांबट पिशवी. 12 हजारांत बसेल?

पत्रावळ:
बसला तर उत्तम, नाहीतर दारापुढचं छताचं अंगण नसलेला घ्या, पण उंची सोडू नका. आला की परतीची मुदत संपण्याआधी गच्चीवर उभा करून शिवणींवर बादलीभर पाणी ओता.

सातबारा:
गच्चीवर खुंट्या कुठे ठोकू?

पत्रावळ:
ठोकायच्या नाहीत. पाण्याने भरलेला 5 लिटरचा कॅन प्रत्येक कोपऱ्याच्या कडीला दोरीने बांधा. वारा असेल त्या दिवशी नको.